कोलंबोत हरवलेला पासपोर्ट

१

रुपराव सुतार कधी गुपचूप येत नसे. सोसायटीचं काम असलं की तो रस्त्यातूनच हाक मारी. त्या दिवशी मात्र तो फाटक न वाजवता आत आला, वहाणा पायरीशी काढल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, आत चाला. बाहेर दाखवाची चीज नाही."

१९५८ सालच्या वैशाखातली सकाळ होती. रामदासपेठेत उन्हाच्या धाकानं खिडक्या लोटून झाल्या होत्या. यमुताईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं. रुपरावनं रुमालाची गाठ सोडून आतली वस्तू मेजावर ठेवली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

तो एक पासपोर्ट होता.

यमुताईंनी तो उघडला. गोंद सुकून गेला होता. रुपराव दाराकडे तोंड करून उभा असताना आतला फोटो सुटून मेजाआड त्यांच्या मांडीवर पडला. नाकात चमकी, डोळ्यांत धिटाई. ही कुसुमावती. दोन वर्षांपूर्वीची.

"कुठं मिळाला?"

"प्रदर्शनाच्या पेटीत. प्रेमिलाबाई ज्या पेटीसंगं सिंगापूरले गेली होती ना, तिच्यात. अगदी तळाशी. रंगूनच्या दौऱ्यासाठी माग काढाचा होता म्हून आज पेटी उघडली. मी तं उघडूनही नाही पाह्यला ताई. वरचं नाव वाचलं अन् गाठ मारली."

"आणखी कोणी पाहिलाय?"

"महादेवराव बाजूलेच होते. पण म्या त्याहिले हात नाही लावू देला."

यमुताई पंचवीस वर्षं मुलींच्या शाळांच्या निरीक्षक होत्या. बैलगाडीतून फिरल्या, कॉप्या पकडल्या, खोटी हजेरी लावणारे मास्तर घरी बसवले. निवृत्तीनंतर त्यांनी गोळीबार चौकातल्या विणकर बायकांची सहकारी सोसायटी उभी केली. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या हातमाग प्रदर्शनाचं आमंत्रण आलं, तेव्हा शेजारशेजारच्या मागांवर बसणाऱ्या कुसुमावती आणि प्रेमिला या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी त्यांनीच निवडल्या होत्या. बरोबर सेक्रेटरी महादेवराव आणि माग उभा करायला रुपराव.

आधी कोलंबो, मग बोटीनं सिंगापूर. कोलंबो छान पार पडलं. पण बोटीवर चढायच्या सकाळी कुसुमावतीचा पासपोर्ट सापडेना. ट्रंका उपसल्या, अंथरुणं झटकली, धर्मशाळा पालथी घातली. शेवटी तिघं बोटीनं पुढे गेले आणि कुसुमावती धर्मशाळेत मागे राहिली. नवे कागद मिळून ती घरी परतेपर्यंत महिना उलटून गेला. परमुलखात महिनाभर एकटी राहिलेली पोरगी, म्हणून उमरेडच्या मनोहररावाच्या घरच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. सिंगापूर गाजवून आलेली प्रेमिला मात्र सोसायटीच्या विणकाम वर्गाची मुख्य झाली.

प्रेमिलानंच पासपोर्ट चोरला, असं कुसुमावती तेव्हापासून ज्याला त्याला सांगत होती. पुरावा नव्हता, म्हणून यमुताईंनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

आता पुरावा त्यांच्या मेजावर होता. आणि रविवारच्या सभेत रंगूनच्या दौऱ्यासाठी प्रेमिलाचं नाव पक्कं व्हायचं होतं.

यमुताईंनी फोटो मेजाआडच पासपोर्टात सरकवला, पासपोर्ट कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. त्यांचा चेहरा पाहून रुपराव पाणीसुद्धा न मागता निघून गेला.

२

हंसापुरीतल्या कुसुमावतीच्या घरी बातमी यमुताईंच्या आधी पोहोचली होती. महादेवरावांचं तोंड कुठे बंद राहतं?

अंगणात तिची आई सखूबाई रजयांचा पसारा आवरत होती. पिंजारी नुकताच येऊन गेला असावा. पिंजलेला कापूस चादरीवर ढिगानं पडला होता आणि दोरीवर लाल खारव्याची अस्तरं वाळत होती.

"या ताई, बसा. हे पाहा, पंधरा दिवस झाले, काम सरून नाही राहिलं. या मेल्या खारव्याचा रंग तं सुटूनच राहिला. पोरीची रजई उसवली तं माह्ये हात लाल झाले."

कुसुमावती मागावरून उठली नाही. धोटा एकदा इकडून तिकडे टाकला, फणी दणकन ओढली, मग म्हणाली, "मिळाला ना? आता तरी पटलं?"

"मला विचारायचंय, कुसुम."

"मले काय विचारता? तिले विचारा. दोन वर्षं मी नळावर गेली का बाया घागरी घेऊन सरकत होत्या. 'महिनाभर कोणापाशी होती वं?' असं माह्या तोंडावर विचारत होत्या. आई रात्रंदिवस रडत होती. अन् ती? हार घालून घेत होती!"

"तिनं घेतला असं तुला का वाटतं?"

"मंग अजून कोणाले फायदा झाला?" कुसुमावतीनं फणी पुन्हा ओढली. "दोन वर्षं अंधारात पडून होता तो माह्या नावाचा कागद. फोटोतली मीसुदिक त्याले सोडून सुटी झाली. लगन सुटलं तसंच. आता काय कामाचा तो? पण मले तो पाह्यजे. पोलिसात द्याले पाह्यजे. तिच्या हातात बेड्या घालून गोळीबार चौकातून न्या, म्हंजे माह्या जिवाले थंडक पडन."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. यमुताईंना तेच जास्त लागलं. या पोरीला परदेशी पाठवा म्हणून हिच्या बापाच्या विनवण्या करायला त्या याच अंगणात बसल्या होत्या.

"तिनं केलं असेल, तर मी तिला सोडणार नाही," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी मनापासून दिला.

"तुमी सोडली तरी मी सोडणार नाही, ताई."

३

प्रेमिला सोसायटीच्या गुदामात नवशिक्या मुलींना ताणा लावायला शिकवत होती. यमुताईंना पाहताच तिनं मुलींना बाहेर पाठवलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "मी घेतला नाही, ताई."

"तुझ्या पेटीत निघाला."

"पेटी माह्यी नाही, सोसायटीची हाये. दोन वर्षं याच कोपऱ्यात पडून होती. अन् रंगूनले जुना माग न्या, पेटी उघडा, असं रुपरावदादाले मीच सांगतलं. आत चोरीचा माल असता तं मी असं सांगतलं असतं काय?"

"विसरली असशील."

"असं कोणी इसरते?" प्रेमिलाचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "चोरला असता तं चुलीत घातला असता, ताई. काहून जपून ठेवू?"

यमुताईंना हे पटलं, आणि पटलं याचाच राग आला. "मग कुसुम तुझ्यावर एवढी का उलटली? नुसत्या संशयानं माणूस एवढं जळत नाही."

प्रेमिला खाली बसली. हातातल्या सुताची गुंडी ती उगाच उलगडत राहिली.

"मी दुसरं काही केलं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"ते तिलेच विचारा. ती सांगन तं मी नाही म्हणणार नाही. पण माह्या तोंडून नाही निघत."

४

महादेवराव कारकुनी मेजामागे वाळ्याचा पंखा हलवत बसले होते. यमुताई बसायच्या आधीच ते बोलू लागले.

"ताई, लय विचार करू नका. प्रेमिलाचं नाव रंगूनच्या दौऱ्यातून काढा, वर्गातून काढा, अन् मोकळे व्हा. सोसायटीचं नाव खराब होऊन राहिलं."

"एवढी घाई?"

"घाई काहून म्हणता? माल पेटीत मिळाला!"

"महादेवराव, कोलंबोत त्या पोरीला एकटीला ठेवायचं कोणी ठरवलं?"

पंखा थांबला.

"बोट कोणासाठी थांबते काय? धर्मशाळेतल्या मॅनेजरच्या बायकोच्या हवाली केलं होतं तिले. मी पुढारी होतो, मले सगळं पाहाचं होतं."

"चोरी झाली असं ठरलं, तर तुम्हाला ते कोणी विचारणार नाही. दोष सगळा चोराचा. खरं ना?"

महादेवरावांच्या कपाळावर घाम दाटला. "म्हंजे मी ठेवला पेटीत? मले तं रुपरावनं पाहूही नाही देला! काय हालत हाये त्याची, फाटला का कुजला, मले काय मालूम? रुमालात बांधून तो सिधा तुमच्याकडे धावला. विचारा त्याले."

यमुताई उठून पेटीकडे गेल्या. रुपराव तिथेच रंधा मारत होता. पेटीतलं सामान अजून अर्धं आत होतं. तळाला घातलेली वर्तमानपत्रं उंदरांनी कुरतडून भुसा केली होती. धोट्याचा चामडी पट्टा अर्धा खाल्लेला. नमुन्याच्या लुगड्याला मुठीएवढं भोक. सगळीकडे लेंड्या.

"पासपोर्ट यातच होता?"

"या भुशाखालीच, ताई."

"उंदरांनी लुगडं खाल्लं, चामडं खाल्लं, कागदाचा भुसा केला. पासपोर्टाचा कोपरासुद्धा कुरतडला नाही?"

रुपरावचा रंधा हातातच राहिला.

बाजूची एक फळी तुटली होती. यमुताईंनी बांगड्या वर सारल्या आणि त्या फटीतून हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. बोटं थेट तळाला टेकली.

"ही फळी केव्हा तुटली?"

"ते तं बोटीवरच तुटली. तिथूनच उंदरं शिरले ना."

यमुताईंनी हात बाहेर काढला. गुदामाला दिवसभर कुलूप नसे. सूत घ्यायला, कापड द्यायला साऱ्या जणी इथून ये-जा करत. पासपोर्ट या पेटीत दोन वर्षं पडून नव्हताच. कोणीतरी तो दुसरीकडे नीट राखला होता आणि पेटी उघडणार हे कळल्यावर या फटीतून आत सोडला होता.

प्रेमिलाला बुडवायला.

५

घरी येऊन यमुताईंनी पासपोर्ट खिडकीच्या उजेडात धरला. सकाळी रागाच्या भरात त्यांनी फक्त नाव आणि फोटो पाहिला होता. आता एकेक पान उलटलं.

पानांच्या कडांना गुलाबी डाग होते. पाणी लागून लाल रंग उतरावा तसे. शिवणीच्या दोऱ्यात काहीतरी पांढरं अडकलं होतं. त्यांनी ते सुईनं ओढून काढलं. कापूस. सूत नव्हे, नवी रुईही नव्हे, वर्षानुवर्षं अंगाखाली दबून चपटा झालेला जुना कापूस.

पेटीत कापूस नव्हता. लाल काही नव्हतं.

मग त्यांनी फोटो उचलला, आणि दुपारचं एक वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. फोटोतली मीसुदिक त्याले सोडून सुटी झाली.

फोटो सुटलाय हे रुपरावला ठाऊक नव्हतं, त्यानं पासपोर्ट उघडलाच नव्हता. महादेवरावांनी तो हातातही घेतला नव्हता. फोटो सुटलेला यमुताईंनी पाहिला होता तो स्वतःच्या मांडीवर, बंद खोलीत. आणि त्यानंतर पासपोर्ट कपाटात होता.

त्या तशाच टांग्यात बसून हंसापुरीला गेल्या. सखूबाईंना त्यांनी शेजारी पाठवलं आणि कापसाचा तो चिमूटभर पुंजका कुसुमावतीच्या मागावर, अर्ध्या विणलेल्या काठावर ठेवला.

"पासपोर्ट तुझ्या रजईत होता," त्या म्हणाल्या. "कोलंबोतही तिथंच होता."

कुसुमावतीनं पुंजक्याकडे पाहिलं.

"आईनं रजईले आतून खिसा शिवून देला होता," ती म्हणाली. "परमुलखात सामान तिथं ठेव म्हणे. मी रात्री ठेवला. सकाळी हात घातला तं खिसा रिकामा. खालची शिवण उसवली होती, ताई. तो आत कापसात घुसला. कोणाले दिसन?"

"आणि आता पिंजाऱ्यासाठी रजई उसवली."

"कापसातून माह्या पायाशी पडला. आई पाण्याले गेली होती. मी तिथंच बसून राहिली."

"त्याच वेळी सांगितलं का नाहीस?"

"कोणाले सांगू?" ती एकदम उसळली. "दोन वर्षं साऱ्या मोहल्ल्याले सांगून राहिली मी, प्रेमिला चोर, प्रेमिला चोर! आता काय सांगू, चोर माह्यी रजई हाये?"

"म्हणून निरपराध पोरीला तुरुंगात घालायची?"

"निरपराध?" कुसुमावती मागावरून उठली. "आमी दोघींनी शपथ घेतली होती, ताई. जाऊ तं दोघी, नाही तं दोघी वापस येऊ. अन् त्या दिवशी बंदरावर मी तिचा पदर धरला. म्हटलं, थांब वं, मले एकटीले भेव लागून राहिलं. तिनं पदर सोडवला. बोटीच्या फळीवरून चढून गेली. मी खालून हाका मारत होती. तिनं मांगं वळूनही नाही पाह्यलं." तिचा श्वास लागला होता. "चोरीसाठी सजा हाये. याच्यासाठी कोणती हाये, सांगा? नाही ना? म्हून म्या चोरी ठेवली तिच्या पेटीत."

यमुताई विरघळल्या नाहीत.

"रविवारी सभेत तू हे सांगशील," त्या म्हणाल्या. "तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन."

६

रविवारी गुदामात सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुसुमावती उभी राहिली आणि तिनं सांगितलं. रडली नाही, माफी मागितली नाही. रजई, पिंजारी, फळीची फट, सगळं एका दमात सांगितलं. सखूबाईंनी पदरात तोंड खुपसलं.

महादेवराव घाईनं म्हणाले, "चला, झालं ते झालं. आता पुढचा विषय..."

"तुम्ही बसा," यमुताई म्हणाल्या. "रंगूनला तुम्ही जाणार नाही. ज्याला माणूस मागे टाकून यायला जमतं, त्याच्या हाती मी दुसऱ्यांदा पोरी देणार नाही."

प्रेमिला उठली. ती सरळ कुसुमावतीच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"मी वळून पाह्यलं असतं, तं उतरून आली असती," ती म्हणाली. "म्हून नाही वळली."

"मंग उतराचं होतं," कुसुमावती म्हणाली.



"पोलीस नको, ताई," प्रेमिला यमुताईंकडे न पाहता बोलली. "माह्या भावाच्या पोरीलेही लोक चोरटीची भाची म्हणत होते. माह्यं नाव हिनं जिथं जिथं घेतलं, तिथं तिथं जाऊन हिनं हेच सांगाचं. आधी उमरेडले. मनोहररावाच्या घरी."

कुसुमावतीचा चेहरा पहिल्यांदा पडला. "उमरेडले नको वं."

"उमरेडलेच."

यमुताई मध्ये पडू शकल्या असत्या. त्या पडल्या नाहीत. ही शिक्षा क्रूर होती, पण मागण्याचा हक्क जिचा होता तिनंच ती मागितली होती.

सोमवारी तिघी इतवारीहून छोट्या गाडीनं उमरेडला गेल्या. प्रेमिला साक्षीला आली होती. ऐकल्याशिवाय आपला विश्वास बसणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं.

मनोहरराव घरी नव्हता. त्याची बायको दारामागे उभी होती, पोटुशी. त्याच्या आईनं, प्रयागबाईंनी, पाहुण्यांना ओसरीवरच थांबवलं. कुसुमावतीनं उन्हात उभं राहून सांगितलं, की पासपोर्ट कोणी चोरला नव्हता. तिच्या स्वतःच्याच रजईत होता. प्रेमिलावर तिनं खोटा आळ घेतला.

प्रयागबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजे चोरी झालीच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग एक महिना तिथं काय करत होती वं तू? कोणासाठी राह्यली होती?"

कुसुमावतीची मान खाली गेली. याचसाठी प्रेमिलानं तिला इथं आणलं होतं, हे यमुताईंना आता कळलं. त्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. तिला हवं होतं ते समोर घडत होतं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माह्यासाठी," प्रेमिला म्हणाली.

प्रयागबाई वळल्या. "तू कोण?"

"मीच ती प्रेमिला. ती तिथं माह्यी वाट पाहून राहिली होती, काकू. तिनं मले थांब म्हटलं, हाका मारल्या. मी थांबली नाही. दुसरं कोणी नव्हतं तिथं, दुसरं काही झालं नाही. हे तुमच्या उमरेडभर सांगा. माह्यं नाव घेऊन सांगा."

दारामागच्या सुनेनं पाण्याचा तांब्या ओसरीवर आणून ठेवला. कोणी त्याला हात लावला नाही.

परतीच्या गाडीत कुसुमावती यमुताईंशेजारी बसली. प्रेमिला पुढच्या डब्यात चढली. कुसुमावतीनं तिला हाक मारली नाही. मात्र गाडी इतवारीला लागून प्रेमिला खाली उतरेपर्यंत ती खिडकीला गाल लावून त्या डब्याच्या दाराकडे बघत राहिली.